टाकीच्या शॉटखालचं वाक्य

फोन आला तेव्हा मी विभागाच्या कॅन्टीनमध्ये होते. नंबर अनोळखी होता. पलीकडून एक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अंगणवाडीचा विडिओ तुमीच केलाय न्हवं?"

मी हो म्हणाले. तीन दिवस कौतुकाचेच फोन येत होते. हाही तसलाच असेल असं वाटलं.

"मी सुमन बोलतीय, सेविका. तुमी माजं बोलणं दावलं, पर आर्दंच दावलं. म्या फुडचं बी बोलले हुते की. ते कुटं गेलं?"

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला आणखी अवघडल्यासारखं झालं. त्यांनी सांगितलं ते असं. व्हिडिओ गावात सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. तीन आयांनी मुलं पाठवणं बंद केलं होतं. सुपरवायझर मॅडमनी लेखी खुलासा मागितला होता, तीन दिवसांच्या आत. खुलाशात काय लिहायचं ते त्यांना सुचत नव्हतं, कारण व्हिडिओत बोलताना तर त्याच दिसत होत्या.

मी त्यांना "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. चहा तसाच राहिला.

तेव्हा मी सोलापुरात टेलिव्हिजन आणि डिजिटल पत्रकारितेत एम.ए. करत होते, दुसऱ्या वर्षाला. पहिलं वर्ष वाचण्यात आणि लिहिण्यात जातं. दुसऱ्या वर्षी हातात कॅमेरा येतो आणि प्रत्येकाला बातमीचं पॅकेज करावं लागतं. पॅकेज म्हणजे दोन मिनिटांची छोटी फिल्म. थोडी दृश्यं, त्यावर आपला आवाज आणि मधेमधे लोकांचं बोलणं. त्या बोलण्याच्या तुकड्याला बाईट म्हणतात. वर्गात जे पॅकेज सगळ्यात चांगलं ठरतं, ते विभागाच्या यूट्यूब चॅनेलवर जातं.

माझी मावशी करकंबच्या पुढच्या एका गावात दिली आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीत अळ्या निघाल्याचं तिनेच मला सांगितलं होतं. मी एसटीने गेले, टाकी शूट केली, आणि सुमनताईंना कॅमेऱ्यासमोर बोलाल का विचारलं. अशा नोकरीतली माणसं सहसा कॅमेरा बघून आत जातात. ताई आत गेल्या नाहीत. पदर नीट केला आणि बोलल्या. माझं पॅकेज पहिलं आलं ते त्यांच्यामुळेच.

मग एका स्थानिक बातम्यांच्या पेजने त्यातला फक्त ताईंचा तुकडा उचलला आणि वर लिहिलं, सेविकेचीच कबुली. पुढचं सगळं मोबाईलवरून मोबाईलवर झालं.

कॅन्टीनमधून मी सरळ स्टुडिओत गेले. तिथे श्रीनिवास अण्णा असायचे. कॅमेरे, कार्डं, कॉम्प्युटर, सगळं त्यांच्या ताब्यात. मी म्हणाले, अण्णा, माझा व्हिडिओ चॅनेलवरून काढून टाका. त्यांनी कारण विचारलं नाही. सरांना विचारून ये, एवढंच म्हणाले.

सर म्हणजे शेख सर, आमचे टीव्हीचे शिक्षक. बरीच वर्षं एका वृत्तवाहिनीत कॅमेरा केलेले. बोलायचे कमी. त्यांना मी फोनचं सांगितलं आणि वर स्वतःची बाजूही मांडली. म्हणाले, सर, मी काही खोटं घातलेलं नाही. शब्द त्यांचेच आहेत.

सरांनी पॅकेज लावलं. स्क्रीनवर सुमनताई म्हणाल्या, "टाकीतलंच पाणी देत हुतो पोरांना. अळ्या निघाल्या." तेवढ्यात टाकीचा शॉट आला, त्यातल्या पाण्याचा, अगदी जवळून. त्यावर माझा आवाज सुरू झाला: चिमुकल्यांच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची?

सरांनी व्हिडिओ थांबवला. "हा टाकीचा शॉट इथं का टाकलास?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. बोलणं मधेच कापलं की माणसाचं डोकं स्क्रीनवर झटका खातं. तो झटका लपवायला वरून दुसरा शॉट टाकतात. हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"ह्याच्याखाली काय होतं?"

"लांब होत होतं, सर. दोन मिनिटांत बसवायचं होतं."

"लांब होतं हे कळलं. काय होतं ते विचारतोय."

मला ते शब्द आठवेनात. एडिटिंगच्या वेळी ते वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. पण कुठे कापायचं एवढ्याच कानाने ऐकलं होतं.

व्हिडिओ काढून टाकूया, असं मी परत म्हणाले. सर नाही म्हणाले. "व्हिडिओ काढलास तर तू सुटशील. बाई सुटणार नाहीत. तो तुकडा फिरतच राहील आणि त्या काय बोलल्या ते कुणालाच कळणार नाही. आधी मूळ शूटिंग काढ."

मूळ शूटिंग माझ्याकडे नव्हतं. स्टुडिओत परत येऊन एडिटिंगची फाईल उघडली तर स्क्रीन लाल झाली. म्हणजे कॉम्प्युटर ज्या जागी चित्रीकरण शोधतोय तिथे ते नाही. पुढच्या असाइनमेंटसाठी जागा हवी म्हणून मीच ते पुसलं होतं. कॅमेऱ्याचं कार्ड वर्गातल्या दुसऱ्या मुलांकडे गेलं होतं आणि त्यांनी त्यावर कॉलेजचं स्नेहसंमेलन घेतलं होतं. एका बाईंच्या नोकरीचा पुरावा मी पुसून टाकलाय, हे मला त्या लाल चौकोनापुढे बसून पहिल्यांदा नीट कळलं.

अण्णा मागे उभे होते. ते कपाटाकडे गेले आणि तळातून एक जुनी हार्ड डिस्क काढून आणली. कार्ड परत आलं की पुसण्याआधी ते त्यातलं सगळं तिच्यावर उतरवून ठेवायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अण्णांचं घर तेलुगू विणकरांचं. त्यांचे वडील चादरीच्या प्रत्येक डिझाईनचा हातभर तुकडा जपून ठेवायचे, म्हणे. ती सवय घरातूनच आली असावी. फोल्डरांची नावं त्यांनी तेलुगूत टाकली होती, पोरांनी उचकू नये म्हणून. त्यामुळे शोधायला मला काही मदत करता येईना. मी नुसती शेजारी बसून राहिले. दीड तासाने ते म्हणाले, "ही बघ तुझी ताई."

पूर्ण बाईट असा होता: "टाकीतलंच पाणी देत हुतो पोरांना. अळ्या निघाल्या. त्या दिसापासनं म्या ते बंद केलं. घरनं दोन कळश्या आणते रोज, गाळून. टाकी धुवा म्हून चार बार अर्ज दिलाय."

सरांना बोलावून आणलं आणि तिघांनी ते ऐकलं. सरांनी परत लावायला सांगितलं आणि पुन्हा ऐकलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने जा. विभागाचं पत्र देतो. मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोचले तेव्हा दहा-बारा मुलं खिचडी खात होती. सुमनताईंनी मला ओळखलं. मी एसटीत बसून काय बोलायचं ते पाठ केलं होतं, छापील मराठीत. त्यातलं काही आठवलं नाही. मी मोडनिंबची. घरातली भाषाच तोंडात आली. "ताई, चुकलं माजं. तुमचं बोलणं म्याच तोडलं."

त्यांनी मुलांचं खाणं होऊ दिलं. ताटल्या गोळा केल्या. मग माझ्यासमोर बसून मोबाईलवर स्वतःचं पूर्ण बोलणं ऐकलं. शेवटचं अर्जाचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, हे मी बोलले होते, अशा अर्थाने. इतके दिवस त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली होती. नवऱ्याने विचारलं होतं म्हणे, तू खरंच पुढचं बोललीस का?

मग त्यांनी विचारलं, "ह्याला मार्क किती पडलं तुला?"

त्या टोचून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खरं सांगितलं. "वर्गात सगळ्यात जास्त."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठून मला कळशीतलं पाणी दिलं.

त्यांच्याबरोबरच मी सुपरवायझर मॅडमच्या ऑफिसात गेले. मॅडमनी पत्र वाचलं, बाईट बघितला आणि ताईंच्या चार अर्जांची पोच मागितली. ताईंनी पिशवीतून चारही काढल्या. मॅडम थोडा वेळ त्या चाळत राहिल्या. मग म्हणाल्या की खुलाशाला हे पुरेसं आहे, पण व्हिडिओचं काय करणार? मी म्हणाले, दुरुस्ती टाकणार.

ती दुरुस्ती लिहायला मला पॅकेजपेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, तांत्रिक कारणामुळे सेविकेचे विधान अपूर्ण प्रसारित झाले. सरांनी 'तांत्रिक'वर रेघ मारली. "मशीननं काय केलं? बसली कोण होती मशीनवर?"

दुसऱ्या मसुद्यात मी 'अनवधानाने' लिहिलं. त्यावरही रेघ. तिसऱ्यांदा लिहिलं, मी हे वाक्य अर्ध्यावर कापलं, ते चूक होतं. सर म्हणाले, हे कॅमेऱ्यासमोर उभी राहून म्हण. मी उभी राहिले. आवाज कापत होता, पण सरांनी रीटेक दिला नाही. माझ्या मागोमाग ताईंचं पूर्ण बोलणं ठेवलं. एकही कट नाही, वरून एकही शॉट नाही. जुन्या व्हिडिओखाली आम्ही नव्याची लिंक दिली आणि त्या पेजलाही पाठवलं. त्यांनी दोन दिवसांनी ते टाकलं, वर काहीच न लिहिता.

जुना व्हिडिओ जितक्यांनी पाहिला त्याच्या पासंगालाही नवा पुरला नाही. दुरुस्तीचं असंच होतं, हे मला नंतर नोकरीत कळलं. ताईंनी मात्र तो घरोघरी जाऊन स्वतः दाखवला. आठवड्याने त्यांचा फोन आला. खुलासा मान्य झाला होता. ग्रामपंचायतीने टाकी धुऊन झाकण बसवलं होतं. दोन मुलं परत आली होती. तिसऱ्याच्या आईने त्याला दुसरीकडे घातलं होतं. तो परत आला नाही.

शेख सरांनी माझे पहिले मार्क बदलले. पास होण्यापुरते ठेवले. दुरुस्तीच्या व्हिडिओला मार्क द्यायची सोय अभ्यासक्रमात नव्हती. मी वर्गात पाचवी आले. घरी वडिलांना वाईट वाटलं. मी त्यांना कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सर चांगले भेटले तुला. नोकरीच्या मुलाखतीत मी तो दुरुस्तीचा व्हिडिओ दाखवला नाही. तेवढं धाडस झालं नाही, हेही सांगायला हवं.

आता मी सोलापुरातच एका डिजिटल चॅनेलच्या डेस्कवर आहे. दिवसाला वीस-पंचवीस बाईट माझ्या हाताखालून जातात. त्या दोन वर्षांत मी कॅमेरा शिकले, एडिटिंग शिकले, हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं आहे. अण्णांनी न सांगता उतरवून ठेवलेलं शूटिंग, सरांनी मारलेल्या दोन रेघा आणि ताईंनी माझ्याशी भांडायच्या ऐवजी विचारलेला एक प्रश्न, हे त्यावर नाही. खरं शिक्षण त्या तिघांनी दिलं. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे लिहिलं.

नवीन मुलं डेस्कवर येतात तेव्हा मी त्यांना फार उपदेश करत नाही. बाईट कापायचा तर कापा म्हणते, आपलं कामच ते आहे. फक्त कापलेला तुकडा त्याच माणसाला समोर बसवून ऐकवता येईल का, ते बघा. अवघड वाटलं तर दहा सेकंद वाढवा. बातमी दहा सेकंद लांबली म्हणून आमच्या ऑफिसात अजून एकही तक्रार आलेली नाही.