भरलेली मॅगझीन आणि आबांचा हात

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्प्रिंगा तपासते. नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग घरातली बिघडलेली वस्तू माझ्यापुढे आणून ठेवतात. आजवर लोकांनी मला छत्र्या दाखवल्यात, कुरकुरणारे सोफे दाखवलेत, एका मावशींनी तर बारशाच्या पंगतीत कपड्यांचे चिमटे काढून दाखवले. पण पिस्तुलाची स्प्रिंग घरात येईल असं कधी वाटलं नव्हतं, आणि ती आणली ती खुद्द माझ्या सासऱ्यांनी.

आबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावाकडे साताऱ्याला परत जायचं सोडून ते आमच्याबरोबर घणसोलीच्या फ्लॅटमध्ये राहिले, कारण रिकामं बसणं त्यांना मानवत नाही. जासईला ज्यांचं कंटेनर यार्ड आहे अशा एका शेठांचे ते अंगरक्षक झाले. स्वतःचं लायसन्सचं पिस्तूल, कडक इस्त्रीचा सफारी आणि टोकं वळवलेल्या मिशा. शेठांना नेमका कोणापासून धोका आहे हे मला आजही माहीत नाही. बहुधा आग्रह करकरून वाढणाऱ्या यजमानांपासून असावा.

दरवर्षी दसऱ्यानंतर शेठ आपल्या सगळ्या बंदूकवाल्यांना सराव करायला गोळीबाराच्या रेंजवर नेतात. त्या वर्षी आबांनी पहिली गोळी झाडली आणि दुसरी वर आलीच नाही. मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी, आतल्या स्प्रिंगने गोळ्या वर ढकलणारी नळी, काढून पुन्हा बसवली, तरी तेच. तिथल्या शिकवणाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाबा, पकड ढिली असली की असं होतं." शेठ मनाने फार चांगले. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आबा, तुमी घरचंच मानूस हाय. आता जरा आराम करा. पुढच्या आयतवारी परत एकदा बघू, नायतर ऱ्हाऊ द्या. टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका म्हटल्यावर आबा जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तर दारात उभे. "पोरी, हात ढिला न्हाई माझा. स्प्रिंग ढिली पडली. वरीसभर मॅगझीन भरून ठेवतोय मी. सारखी दाबून धरली तर स्प्रिंग दमनार न्हाई व्हय?"

सोसायटीच्या बागेतल्या बाकड्यावर या विषयाचा निकाल आधीच लागला होता. तिथले सगळे काका एकमताने आबांच्या बाजूने होते. एकाने आपल्या गादीचा दाखला दिला, दुसऱ्याने मोबाइलवर कुठल्याशा अमेरिकन माणसाचा व्हिडिओ दाखवला, आणि तिसऱ्याने, ज्याने आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हातात धरलेलं नाही, गोळ्या रोज रात्री काढून सकाळी भराव्यात असा सल्ला दिला. मला असल्या सल्ल्यांचा मनापासून राग येतो. एक तर विचारायचं नाही, आणि वर ठणकावून सांगायचं.

खरं सांगायचं तर माझी पंचाईत झाली होती. चांगल्या पोलादाची, नीट बनवलेली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने दमत नाही. सुरुवातीला ती किंचित बसते, आमच्याकडे त्याला सेट होणं म्हणतात, आणि मग वर्षानुवर्षं तशीच राहते. तिला थकवते ती ये-जा. पुन्हा पुन्हा दाबायची आणि सोडायची. म्हणजे त्या काकांचं ऐकून रोज काढ-घाल केली तरच ती लवकर म्हातारी व्हायची. हे सगळं मला दारातच ठाऊक होतं. पण स्प्रिंग ठीक आहे असं मी म्हटलं, की उरला तो आबांचा हात. माझ्या तोंडून ते त्यांना ऐकवायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"बघते," एवढंच म्हणाले.

आबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मॅगझीन उघडली. गोळ्या आधीच कपाटात कुलूपबंद. बूड सरकवून त्यांनी आतली स्प्रिंग अलगद बाहेर काढली आणि विजयाने माझ्यासमोर धरली. तिच्या वेटोळ्यांवर लालसर डाग होते. "ह्यो बघ गंज! मी काय म्हनत हुतो?" पिस्तुलाबरोबर आलेली दुसरी मॅगझीन पहिल्यापासून रिकामीच कपाटात पडून होती. तिचीही स्प्रिंग मी मागून घेतली. एक कायम दाबलेली, एक कायम मोकळी. इतकी सरळ तुलना आम्हाला कारखान्यातसुद्धा सहसा मिळत नाही.

कारखान्याच्या मालकांची परवानगी घेऊन जेवणाच्या सुट्टीत दोन्ही स्प्रिंगा मशीनवर लावल्या. मशीन स्प्रिंग दाबतं आणि ती किती जोराने उलट ढकलते ते आकड्यात दाखवतं. दाबलेली स्प्रिंग दुसरीपेक्षा केसभर आखूड झाली होती. जोर मात्र जवळपास तितकाच. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आयुष्यात पहिल्यांदा एखादी स्प्रिंग पास झाली म्हणून मला वाईट वाटलं.

मग डाग निदान पुसून द्यावेत म्हणून मी चिंधी घेतली. गंज असा एका पुसण्यात जात नाही. हा गेला, आणि चिंधी गुलाबी झाली. नाकाशी धरली तर बंदुकीच्या तेलाच्या आडून देवघराचा वास आला.

कुंकू होतं ते!

खंडेनवमीला आमच्याकडे पिस्तुलाची पूजा होते. रेंजवरचा सराव सोडला तर आबा वर्षातून तेवढ्याच दिवशी मॅगझीन रिकामी करतात. पाटावर लाल कापड, त्यावर पिस्तूल, दोन्ही बाजूंना झेंडू. आणि आमच्या सासूबाईंचा हात सढळ. भाजीत तेल असो की देवाला कुंकू, चिमूटभर हे माप त्यांना माहीत नाही. नवऱ्याचं रक्षण करणारी वस्तू म्हणून तर त्या अक्षताही मूठ भरून वाहतात. मॅगझीनच्या कुशीला गोळ्या दिसाव्यात म्हणून एक फट असते, हे त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी घरी येऊन मी मॅगझीनच्या रिकाम्या नळीत टॉर्च मारला. आत, बुडापासून जरा वर, तेलात कालवून वाळलेल्या कुंकवाचा थर, आणि त्यात घट्ट रुतून बसलेला अक्षतेचा एक दाणा. गोळ्यांना खालून वर ढकलणारी पट्टी तिथेच अडत होती. मी तो दाणा टाचणीने उकरून आबांच्या तळहातावर ठेवला.

आबांनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए! तीन लढाया बघितल्यात म्हनून सांगत फिरतो मी, आन् तू मला कोलमच्या तांदळानं पाडलंस!"

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अजिबात न गडबडता म्हणाल्या, "कोलम न्हाई, आंबेमोहोर हाय. देवाला कोलम वाहतंय का कुनी?" आम्ही हसून हसून खुर्च्यांत कोसळलो. आबांच्या तीन लढायांपैकी दोन त्यांनी रेडिओवर ऐकल्यात, हेही त्याच वेळी सासूबाईंनी जाहीर केलं.

रविवारी मीच आबांना गाडीतून रेंजवर घेऊन गेले. नळी स्वच्छ, स्प्रिंग तीच, जुनी, वर्षानुवर्षं दाबलेली. आबा उभे राहिले, आणि एकामागून एक सगळ्या गोळ्या झाडून मोकळे झाले. शेठांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणारा माणूस कसनुसं हसला. मी तर लहान पोरीसारख्या उड्या मारायचीच बाकी होते. आबा शेठांना जरा बाजूला घेऊन काहीतरी बोलले, नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले.

"बघा," मी म्हटलं, "हात ठणठणीत आहे तुमचा."

ते मिशीला पीळ देत समोर बघत राहिले. "न्हाई गं. जरासा हलतोय. शेवटच्या दोन गोळ्या कडेला गेल्या, तू लांब हुतीस म्हनून दिसल्या न्हाईत. गेल्या उन्हाळ्यापासनं कळतंय मला. म्हनून शेठला आत्ता सांगितलं, ह्यो महिना भरतो, मग दुसरा मानूस बघा."

मी त्यांच्याकडे वळले. "अहो आबा, मग हा सगळा खटाटोप कशासाठी? तेव्हाच आराम करा म्हणत होते ना ते!"

"तवा त्यांनी घालवलं असतं मला," आबा म्हणाले. "आज मी सोडून आलो."

मी इंजिन सुरू करायला किल्ली हातात घेतली होती, ती तशीच मांडीवर ठेवली. मला रडू येत होतं आणि त्यांचा इतका अभिमान वाटत होता की दोन्हीतलं आधी काय करावं ते कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पूस डोळं. आन् घरी मी सांगतो. तू मधी बोलू नगंस."