मामाचा उजवा हात

माझा मामा वाचनालयाच्या सभागृहात चौतीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवतोय, आणि त्याच्याइतका सभ्य माणूस मी पाहिलेला नाही. हे कौतुक नाही, तक्रार आहे. पडद्यावर कुणी कुणाच्या जवळ सरकलं की मामाचा उजवा पंजा आपोआप लेन्ससमोर जातो. त्याचं लग्न नवीन होतं तेव्हा एकदा सासूबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि नेमका तेव्हाच नायक नायिकेवर वाकला. तिथून ही सवय लागली. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, पंजा काही गेला नाही.

लोकांनी इतकी वर्षं खपवून घेतलं. पण गेल्या महिन्यात आमच्या फिल्म मंडळानं, म्हणजे चिटणीस म्हणून मीच, एक जुना, गाजलेला, काळापांढरा खूनपट आणला. बायको, तिचा प्रियकर, आणि दोघांनी मिळून काटा काढलेला नवरा. मामानं अकरा वेळा पंजा घातला. त्यामुळे प्रेमप्रकरण साफ गायब, उरला नुसता खून. इतकी शांत, नीटनेटकी बाई नवऱ्याच्या जिवावर का उठली, कुणाला पत्ता लागेना. शेवटी एका सभासदानं सांगितलं, नवरा घोरत असणार. बऱ्याच बायकांना ते पटलंही.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना नाही पटलं. त्यांनी रविवारी दुपारी पुन्हा खेळ ठेवला आणि मामाला बजावलं, की पुन्हा हात मध्ये आला तर केबिनची किल्ली ठेवायची आणि घरी बसायचं. मामा दोन दिवस धड जेवला नाही. मशीन गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, हा प्रश्न मलाही पडला. मग मी माझी अक्कल चालवली. मामीला म्हटलं, तू केबिनमध्ये बस आणि त्याचा उजवा हात घट्ट धरून ठेव, मशीन तो डाव्या हातानं सांभाळेल. मामी म्हणाली, आता या वयात? आणि केस विंचरायला आत गेली.

रविवारी सगळं सुरळीत चाललं होतं. पहिलं चुंबन आलं, पूर्ण दिसलं, संपलंसुद्धा. दुसरं आलं. डॉक्टर खुशीत मान डोलवत होते. मग तो बिचारा नवरा कामावरून दमून घरी आला, कोट काढून खुर्चीत टेकला, मागून प्रियकर दोरी घेऊन पुढे सरकला, आणि पडदा काळाकुट्ट झाला. केबिनच्या खिडकीतून मामीचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू आला.

"अहो, त्या भल्या माणसाला मारतायत, आणि तुम्ही नुसते बघत काय बसलात?"

पडदा उजळला तेव्हा नवऱ्याला न्यायला गाडी आली होती. म्हणजे पहिल्या खेळाला खून का झाला ते कळलं नाही, आणि दुसऱ्याला कसा झाला ते.

सिनेमा संपल्यावर डॉक्टर तावातावानं केबिनमध्ये शिरले, मागोमाग मी. त्यांनी काही विचारायच्या आतच मामानं किल्ली टेबलावर ठेवली.

"हात माझाच होता," तो म्हणाला. "सवयीनं गेला. हिचा काही संबंध नाही."

मामाला खोटं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मामीनं तो अजून इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. डॉक्टर आपल्या पेशंटसारखे तोंड उघडून क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी किल्ली मामाच्या बाजूला सरकवली, पुढच्या रविवारी वेळेवर या म्हणाले, आणि निघून गेले.

मामानं किल्ली डाव्या हातानं उचलली. उजवा अजून मामीकडेच होता.