लेकीला परत पाठवलं तो उन्हाळा

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. देवणीच्या बाजूला आमचं गाव. गावची विहीर फाल्गुनातच कोरडी पडली. आमच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढा झरा होता, म्हणून सरकारनं ती गावासाठी ताब्यात घेतली. पाणी फक्त प्यायला, उसाला द्यायचं नाही, असा कागद आला. आमच्या ह्यांनी तो देवघरात ठेवला. गावाला पाणी पाजतो म्हणून माणूस नुसता फुगून गेला होता. मीही काही कमी फुगले नव्हते. बाया घागर भरताना ‘काकू, पुण्य लागंल तुमाला’ म्हणायच्या, ते मला फार गोड लागायचं.

उसाचं पाणी तुटलं. उरलीसुरली ओल गवतानं खाऊ नये म्हणून ह्यांनी गवत मारायचं औषध आणलं. कामाला माणूस कधी हटला नाही, पण काठीनं ढवळायचा भारी कंटाळा. पिंपात आधी औषध ओतायचं, मोटारीचा पाइप पार तळापर्यंत सोडायचा, तो उसळू नये म्हणून वर दगड ठेवायचा आणि मोटार चालू करायची. पाण्याच्या जोरानं औषध आपोआप कालवलं जायचं. अख्खं शिवार असंच करायचं.

त्या दिवशी पिंप भरत आलं आणि लाइट गेली. हे जेवायला घरी आले. परत गेले तर पिंप रिकामं. आधी त्यांनी पिंपाचं भोक शोधलं. मग ध्यानात आलं. विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप गळकी होती. मोटार थांबली तसं पाणी उलटं फिरलं आणि पिंपभर औषध पाइपातून परत विहिरीत उतरलं.

संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला हे सांगितलं, तेव्हा आमची लेक आत त्याच पाण्यानं तांदूळ धूत होती. तिला सातवा महिना. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी ह्यांना नको नको ते बोलले. मग मीच म्हणाले, आत्ताच्या आत्ता ग्रामसेवकाकडं जा आणि खरं ते सांगा.

ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता. येऊन त्यानं बादलीभर पाणी काढलं आणि वास घेतला.

“अप्पा, गावात बोलू नका,” तो ह्यांना म्हणाला. “ही विहीर बंद केली तर दुसरी कुठं हाय? टँकर मागायचा तर पाणी खराब असल्याचा कागद लागतो. बाटली तपासायला धाडतो. तवर थांबा.”

ह्यांना थांबवेना. विहीर उपसून टाकावी, नवं पाणी झिरपू द्यावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मोटार लावली. पाणी पडीक रानात सोडलं. घटकाभरात गाव गोळा झालं.

“गावाच्या घशातलं पाणी उसाला द्यायलाव व्हय?”

कुणी तरी फ्यूज काढून नेले. देवघरातला कागद आता ह्यांच्याच विरुद्ध होता. हे खाली मान घालून उभे राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला! पण मी तरी कुठं बोलले? बोलून लोकांना पाजलं काय असतं?

पंधरा दिवसांनी कागद आला. पिण्यास योग्य. जंतू बघितले होते, क्षार बघितले होते. औषध बघायची सोयच तिथं नव्हती. ग्रामसेवकानं कागद आमच्यासमोर धरला आणि म्हणाला, “आता मी काय करू सांगा.” त्यानं विहिरीत पांढरी पावडर टाकली, आणि पाण्याला वास येतो तो त्या पावडरीचाच, असं गावानं ठरवून टाकलं.

लेकीपुरत्या दोन घागरी हे लांबच्या वाडीवरून सायकलला बांधून आणायचे. आम्ही दोघं विहिरीचंच प्यायचो. मग वाडीची विहीरही आटली. त्याच आठवड्यात ह्यांनी लेकीला एस्टीनं नांदेडला सासरी नेऊन सोडलं. “पहिलं बाळंतपण माहेरी करतेत ना गं आई? माझं काय चुकलं?” म्हणून ती फाटकापर्यंत रडत गेली. मी तिला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आम्हाला इथं ठेवून गेलीच नसती.

दुसऱ्या दिवशी शेजारीण पाण्याला आली. बरोबर तिची सून, तीही पोटुशी. तिचं माहेर आमच्याहून कोरडं, तिला धाडणार कुठं?

“लेकीला का धाडलाव वो काकू? पहिलटकरीण ना ती?”

“तिच्या सासूला करमंना,” मी म्हणाले.

“बरं केलाव. हितं उनाचा लई तरास.”

सून विहिरीवरच्या, पाणी साठायच्या थारोळ्याशी बसून ओंजळीनं पाणी प्यायली. तोंड जरा वाकडं केलं आणि पुन्हा प्यायली. माझ्या जिभेवर शब्द आले होते. शेजारीण म्हणाली, “काकू, जरा हात लावा.” मी भरलेली घागर उचलली आणि त्या पोरीच्या डोक्यावर दिली.