वासूभाईंच्या भाटातला दर्या

दत्ताच्या हॉटेलात चहाचे ग्लास विसळले की स्वच्छ होतात. तिथली बोलणी मात्र विसळून जात नाहीत. आज एक, उद्या दुसरे, असे किस्से साचत जातात, आणि साचलेले कधीतरी कुठेतरी ओतावेच लागतात.

आमचा कट्टा केरीचा, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी पणजीच्या सरकारी कचेरीतून रिटायर झालेला. प्रभू सर हायस्कूलात भूगोल शिकवून रिटायर झालेले. आणि वासूभाईंना रिटायर होणे ठाऊकच नाही, कारण त्यांचे माडांचे भाट आहे. आहे म्हणजे अर्धे आहे. उरलेले दर्याने नेले.

पूर्वी रस्ता आणि वाळू यांच्यामध्ये सुरूची दाट झाडी होती. भर दुपारी आत शिरले की वाऱ्याचा तो लांबलचक सुस्कारा ऐकत माणूस तिथेच आडवा व्हायचा. मला त्या आवाजाची फार आठवण येते. आता तिथे मुळे वर आलेले बुंधे आहेत आणि पर्यटक त्यांवर बसून फोटो काढतात.

सर म्हणतात, जग तापले, दर्या चढतोय. वासूभाई म्हणतात, दर्या काय, येतो आणि जातो. त्यांच्या या हट्टाचे कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा महेश पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. जाताना म्हणाला, परत येऊन भाटात घर बांधीन. वहिनींनी, म्हणजे वासूभाईंच्या बायकोने, घराची जागासुद्धा ठरवून ठेवली. मग वहिनी गेल्या. आता दर्या येतोय हे मान्य केले, तर महेश कशाला येईल?

*

एकदा सरांनी ठरवले, आज प्रयोगच करून दाखवायचा. दत्ताकडून काठोकाठ पाण्याचा ग्लास घेतला आणि त्यात बर्फाचा मोठा खडा सोडला. वर आलेले पाणी सांडले ते सांडले. "आता हा बर्फ वितळू दे. मग बघा, आणखी कसे सांडते ते!"

आम्ही बघत बसलो. पाव आणि पातळभाजी संपली. बर्फ वितळला. पाणी जिथल्या तिथे.

वासूभाईंनी ग्लास उचलला आणि शांतपणे पिऊन टाकला. "एक थेंब वाढूक ना. दर्यो सरांपेक्षा हुशार."

दुसऱ्या दिवशी सर तावातावाने आले. तरंगणाऱ्या बर्फाने पाणी वाढत नाही, जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो त्याने वाढते, हे आपण वर्षानुवर्षे शिकवले आणि आपणच विसरलो म्हणाले. आता त्यांना पाण्याच्या परातीत वाटी उपडी घालून तिच्यावर बर्फ ठेवायचा होता.

"काल एक, आज एक," वासूभाई म्हणाले. "उद्या किते?"

"उद्या बर्फ गावचो ना," दत्ता म्हणाला. "माका मासळेक लागता."

*

माणसांचे पटेना, तेव्हा विषय देवापुढे गेला. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकराने घाईत एका दमात विचारले, "देवा म्हाराजा, दर्यो फुडे येवचो ना मरे? आनी भाटा-बागायतीची राखण तूच करतलंस मरे?" उजवी पाकळी पटकन पडली. आम्ही सगळे हात जोडून "होय म्हाराजा" म्हणून मोकळे झालो.

तेवढ्यात सर म्हणाले, "पण हे उत्तर कुठल्या प्रश्नाचे?"

गुरवालाही ते पटले. पुन्हा पाकळ्या चिकटवल्या आणि दर्याचा एकच प्रश्न विचारला. आता पाकळी हलेना. दुपार झाली, जेवणाची वेळ टळली, एकेक जण उठून गेला. मी चार वाजता देवळावरून जात होतो, तर वासूभाई एकटेच खांबाला टेकून बसलेले, नजर पाकळीवर.

"चला वासूभाई, जेवून घ्या."

"तू जा. देव इचार करता हा. करूंदी."

*

मग पणजीहून एक साहेब लॅपटॉप घेऊन आले. पंचायतीच्या भिंतीवर त्यांनी तालुक्याचा नकाशा टाकला. पुढे कधीतरी पाणी येऊ शकेल तो भाग निळा. केरीचा किनारा सगळा निळा. विमानतळ आहे ते मोपाचे पठार तेवढे कोरडे.

"म्हणजे इमानां रवतली," दत्ता मागून म्हणाला, "फक्त उतारू खयचे हाडूचे, ता बघूक व्हया."

लोक हसले. वासूभाई नाही हसले. ते उठून भिंतीपाशी गेले, निळ्यात बोट ठेवले आणि म्हणाले, "साहेब, हय माझ्या झिलाचां, महेशाचां घर. ता दिसना कित्याक?"

साहेबांनी नकाशा मोठा केला, पुन्हा मोठा केला. "काका, इथे तर घर नाहीच."

"बांधूचां आसा."

साहेब भला माणूस. तो नुसता नकाशा लहान करत राहिला.

*

घरासाठी वासूभाईंनी चिरे आणून ठेवले होते, वहिनींनी दाखवलेल्या जागेवर नीट रचून. दर पावसाळ्यात लाटा जवळ आल्या की ते ढीग थोडा मागे सरकवतात. गडी लावत नाहीत, स्वतःच एकेक चिरा उचलतात.

सरांनी एकदा मुद्दाम विचारले, "वासूभाई, चिरे मागे का घेतले?"

"उन्हात तापतत. सावलेक घातलंय."

सावली देणारा माड गेल्याच पावसात पडला होता. सरांनी वर आभाळाकडे पाहिले, मग वासूभाईंकडे, आणि म्हणाले, "बरे केलेत."

*

यंदा शिगम्याला महेश आला. सकाळीच मोपाला उतरला आणि टॅक्सीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "बाबा, आदी भाटात जावया."

वासूभाई म्हणाले, "आदी देवळात." देवळातून आत्याकडे. आत्याकडून जेवायला घरी. जेवण झाल्यावर, "प्रवासातसून आयलंस, मातसो आड पड." उठला तर त्याला घेऊन आमच्याकडे, दत्ताच्या हॉटेलात. एक चहा झाला, दुसरा झाला. वासूभाई सारखे खिडकीबाहेर बघत होते.

त्या दिवशी पुनव होती. पुनवेला दुपारी दर्या भाटात माडांच्या बुंध्यापर्यंत येतो आणि संध्याकाळी तितकाच लांब मागे जातो. सरांच्या ते ध्यानात आले असणार, कारण त्यांनी आपण होऊन तिसरा चहा सांगितला. मीसुद्धा इंग्लंडच्या थंडीबद्दल नाही नाही ते विचारत बसलो.

ऊन उतरल्यावर वासूभाई उठले. "चल आता." आम्हीही मागोमाग गेलो.

दर्या दूर गेला होता. भाटापुढे ओली, सपाट, रुंद वाळू पसरली होती, आमच्या लहानपणी असायची तशी. वासूभाईंनी हात पसरून दाखवली. "बघ. कितको जागो आसा."

महेशने वाळूकडे पाहिले, माडांच्या ओल्या बुंध्यांकडे पाहिले. मग त्याने ढिगातले दोन चिरे उचलले, वाळूवर शेजारी शेजारी मांडले आणि बापाला हाताला धरून एकावर बसवले.

"भरती काळोख पडल्यार लागता, बाबा," तो म्हणाला. "थय इंग्लंडात आसताना मी रोज हयची भरती मोबायलार बघतंय. अजून वेळ आसा. बस."