काळीत पेरतेत, पांढरीत राहतेत

मातीचं घर बांधायचं ठरलं त्या आठवड्यात मी वहीत एक नवीन पान काढलं: 'आक्षेप'. महिनाभरात सतरा झाले. वाळवी लागेल. पावसात वाहून जाईल. मुलीला स्थळं येणार नाहीत, हा जाऊबाईंचा. वाळवीसाठी दगडाचं जोतं, पावसासाठी हातभर पुढे आलेलं कवेलूंचं छप्पर. उत्तर सापडलं की खूण करायची. स्थळांपुढे मी लिहिलं, 'न येवोत.'

पहिल्या आक्षेपापुढे मात्र जागा कोरी होती. तो आईचा.

"मी नाही येत त्या घरात. अर्धी जिंदगी शेणानं सारवण्यात गेली माही. कच्च्या घरातून निघाली, तू मले परत कच्च्यातच नेऊन राहिली काय?"

घर तर तिच्यासाठीच होतं. शहराच्या कडेला, वाडीतला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात स्लॅब तापला की कूलर गरम हवाच फिरवायचा, आणि आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसून राहायची.

मी वाद घातला नाही. कुहीच्या रस्त्यावरच्या प्लॉटवर एक नमुना भिंत उभी केली. आमच्याच वावरातली माती, त्यात कुटार म्हणजे भुसा, सगळं मोजूनमापून. आठ दिवसांत भिंत वाळली आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

"मॅडम, सिमेंट बोलवू का आता?" ठेकेदार हसत म्हणाला.

"बोलवा. तुमच्या घरासाठी."

रविवारी आईला प्लॉट दाखवायला नेलं. ती गाडीतून उतरेना. मग काचेतून तिला ती भिंत दिसली आणि ती उतरलीच. भेगेत बोट घातलं.

"काहून वं, काळी कोणं आणली?"

"मी. चांगली कसदार आहे."

"कसदार! भिंतीत कापूस पेरतं काय? काळी पाण्यानं फुगते, वाळली का फाटते. काळीत पेरतेत, पांढरीत राहतेत. गावठाणातली पांढरी माती आण."

माझ्या एवढ्या याद्यांत हे कुठेच नव्हतं.

ठेकेदार मध्येच हसत बोलला, "आजी, पण सिमेंट पक्कं असते."

आई त्याच्याकडे वळली. "त्या पक्क्यात दरसाल भाजून निघते मी. तू मले पक्कं नोको शिकवू गा."

परतताना तिनं मला वही काढायला लावली. "लिही. सारवणार मी नाही, खाली फरशी पाहिजे. माती मी पाहून घेईन. अन् त्या हसणाऱ्याले म्हण, पायानं तुडव, मशीन नोको."

यंदाच्या मे महिन्यात ती उत्तरेच्या खोलीत, मातीच्या भिंतीला पाठ टेकून दुपारी झोपते. कूलर बंद असतो. पाहुणे आले की उठून सांगते, "मी तर येतच नव्हती या घरात, अजूनही पटलं नाही मले."

त्या आक्षेपापुढे मी खूण केलेली नाही. आईनं तो मागे घेतलेला नाही, आणि घ्यावा असं माझंही म्हणणं नाही.