पानावरचा दुसरा लाडू

दादाचं वर्षश्राद्ध होतं. वहिनी त्याच्या नावाचं पान वाढत होती. वडे, खीर आणि त्याच्या आवडीचे बेसनाचे दोन लाडू. तेवढ्यात नकळत तिचा हात पुढे झाला आणि तिनं एक लाडू उचलून परत डब्यात ठेवला.

आमच्या घरात अंगानं भरणं म्हणजे सुख. लग्नानंतर दादाचं पोट सुटलं, तेव्हा आई कौतुकानं म्हणाली होती, "सुनेच्या हातचं मानवलंय हो!" पुढे त्याला शुगर निघाली, पाठोपाठ बीपी, मग किडन्या गेल्या. तरी तो "नको" म्हणाला की "एकानं काय होतंय?" म्हणत आम्ही वाढतच राहिलो. त्यात मीही होतो. माया करायची दुसरी रीत आम्हाला ठाऊकच नव्हती. त्याच्यापुढचं ताट ओढून घेणारी एकटी वहिनी, आणि आम्ही तिलाच कजाग म्हणायचो.

मी हळूच म्हणालो, "वहिनी, आज तरी दोन असू देत."

तिनं डबा पुढे ओढला. "सवय हो, भाऊजी," म्हणाली, आणि तिनं लाडू पुन्हा पानावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला आग्रह करत होती, आणि नको म्हणायला तो नव्हता.