आखूड पंच

माझा धाकटा भाऊ बेकरीची मशीनं दुरुस्त करायचा. मैदा मळायची, पाव कापायची. भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा आणि त्याच्या भागीदाराचा मिळून एक गाळा होता. मोटर आणि वायरिंग भागीदार बघायचा. गिअर, शाफ्ट, बेअरिंग हे भावाचं काम. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. आम्ही दोघं मुलुंडला एकत्र राहायचो. गाळ्यात मी क्वचितच जायचे.

भाऊ गेल्यावर त्याचा अर्धा हिस्सा माझ्याकडे आला. भागीदाराला मी काहीच विचारलं नाही. तो काम करत असेल असं धरून चालले होते. मग एका सकाळी त्याचा फोन आला.

“ताई, गाळा भाड्यानं देऊन टाकू या. पॅकिंगवाला एक जण मागतोय.”

“काय झालं?”

“काय व्हायचंय? वाट लागली. घाटकोपरच्या बेकरीचं मशीन खोलून बसलोय आणि एक पिन निघत नाही. तीन पंच मोडले. बेकरीवाली म्हणते, आज सांगा, नाहीतर अंधेरीला नेते. ती गेली की तिच्या ओळखीच्या सगळ्या बेकऱ्या गेल्या.” मग तो म्हणाला, “तुझा भाऊ एका पंचावर वर्षानुवर्षं काढायचा. कुठला आणायचा तो, काही बोललेला का घरी?”

पंच म्हणजे पोलादाची बारीक कांडी. शाफ्टमध्ये आडवी ठोकून बसवलेली पिन काढायची तर पंच तिच्यावर टेकवायचा आणि मागून हातोडी मारायची. इतकं मला माहीत होतं. कुठला आणायचा ते माहीत नव्हतं. पण आजारपणात भावानं काही हत्यारं घरी आणून ठेवली होती. त्यात पत्र्याची एक जुनी कंपासपेटी होती आणि तिच्यात पंच होते. मी म्हटलं, घेऊन येते.

गाळा बंद व्हावा असं मला वाटत नव्हतं. का, हे कोणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. घरातलं त्याचं सामान हळूहळू कमी होत होतं. कपडे दिले, औषधं फेकली. गाळ्यात मात्र त्याचं काम अजून चालू आहे, असं मी मनाशी धरलं होतं.

गाळ्यात मशीन आडवं पडलं होतं. शेजारी मोडक्या पंचांचे तुकडे. मी पेटी उघडली आणि सवयीनं पंच जाडीप्रमाणे टेबलावर लावले. एक जाडी सोडली तर प्रत्येकीचे दोन निघाले. एक लांब, एक बोटभर. दोन-तीन आखूड तर बोटाहूनही लहान होते.

“ह्यात माझ्या मापाचा लांब नाही,” भागीदार म्हणाला. “आखूड आहे, पण तो पलीकडे कसा पोचणार? चल, नवा आणू. ह्या वेळी स्वस्तातला नको.”

पंच पेटीत भरून पेटी मी पर्समध्ये टाकली आणि आम्ही स्टेशनच्या बाजूला त्याच्या नेहमीच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. दुकानदारानं त्याला बघताच हात जोडले.

“परत? अरे, तू पंच वापरतो का खातो?”

“टिकाऊ दे ना यार. हा तुझा माल म्हणजे खडू आहे.”

“माल खडू, आणि हातोडी कुणाची? घणानं मारतो काय? पिन उलट्या बाजूनं तर ठोकत नाहीस ना?”

“बाजू बरोबर आहे. मला शिकवू नको.”

दुकानदारानं रंगीत पाकिटातला सेट बाजूला सारला आणि आतून एक सुटा पंच काढला. एक कानस माझ्या हातात दिली. “बघा मॅडम, तुम्हीच बघा. टोकाला घासा.” कानस टोकावरून नुसती घसरली. “आता डोक्याला.” तिथं मात्र कानस धरली, चकचकीत ओरखडा उमटला. “असा पाहिजे. टोक कडक, डोकं जरा नरम. डोकं पण कडक असेल तर हातोडीखाली कपची उडते, सरळ डोळ्यात.”

“मग हा मोडणार नाही?” मी विचारलं.

“मोडणार की. बारीक आणि लांब आहे, मोडणारच. थोडा उशिरा.”

भागीदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून पेटी काढली आणि त्याच जाडीचा आखूड पंच काउंटरवर ठेवला. असा मिळतो का, म्हणून विचारलं. मला वाटत होतं, पंच दोन लांबींचे विकत मिळतात.

दुकानदारानं तो उजेडात धरला, मग पेटीतले इतरही बघितले.

“हे कुठली कंपनी बनवते? हे सगळे मोडलेले आहेत. मोडल्यावर ग्राइंडरवर टोक सपाट केलंय. पाणी मारत मारत केलंय, तापून निळं पडलेलं नाही, म्हणजे कडकपणा तसाच आहे. कुणाचे?”

“माझ्या भावाचे.”

“मग तुमच्या भावानं ह्याच्यापेक्षा जास्त मोडलेत,” भागीदाराकडे बोट करून तो म्हणाला.

भागीदारानं नवा पंच घेतला, पैसे फोनवरून दिले. परत येताना रिक्षात म्हणाला, “मी मोडला की तो नुसता बघायचा माझ्याकडे. मला वाटायचं, हसतोय. आणि स्वतः मोडत होता. मग त्या तुकड्यांचं करायचा काय?”

“बाकी प्रत्येक जाडीचे दोन आहेत,” मी म्हटलं. “एक लांब आणि एक आखूड. दोन्ही लागत असतील.”

रिक्षा इस्टेटच्या फाटकात शिरली तेव्हा तो म्हणाला, “आधी आखूड.”

गाळ्यात त्यानं नवा पंच बाजूला ठेवला. आखूड पंच पिनेवर टेकवला आणि हातोडी मारली. आखूड असल्यामुळे तो लवला नाही, सगळा घाव पिनेवर गेला. चार-पाच घावांत आवाज बदलला. त्यानं खाली वाकून पाहिलं. पिन जागची हलली होती. मग नवा, लांब पंच लावला आणि हलक्या हातानं ठोकत पिन पलीकडे काढली. ती फरशीवर पडली आणि घरंगळत मशीनखाली गेली. ती शोधायला आम्ही दोघंही वाकलो नाही.

“एवढंच होतं,” तो म्हणाला. “इतकी वर्षं समोर बसून करत होता. मी बघितलंच नाही. मी माझ्या वायरी बघत होतो.” मग म्हणाला, “बोलायला काय झालं होतं त्याला? तोंड नव्हतं?”

भाऊ घरीही कमीच बोलायचा. ते मी त्याला सांगितलं.

दुपारभर तो काम करत राहिला. मी भावाच्या स्टुलावर बसून होते. वाचायला पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नाही. संध्याकाळी मशीन रिकामं फिरवून बघितलं, आवाज सरळ होता. त्यानं हात पुसले.

“ताई, त्या पॅकिंगवाल्याला नाही म्हणून सांगू?”

“सांगा.”

“आणि ही पेटी?”

घरी नेली असती तर मी ती कपाटात ठेवली असती. त्यापुढे काही केलं नसतं. पंच परत पेटीत भरले आणि पेटी टेबलावरच राहू दिली.

तोवर त्यानं बेकरीवालीला फोन लावला होता. पलीकडून ती मोठ्यानं बोलत होती, तोही तेवढ्याच मोठ्यानं.

“झालं म्हणजे झालं. अंधेरीला कशाला जातेस? आजच टेम्पो पाठव. नाही, उद्या नाही चालणार. उद्या माझ्याकडे जागा नाही, कामं अंगावर आलीयत.”

गाळ्यात दुसरं एकही मशीन नव्हतं.